ओकाचं फळ

माझं आडनाव ओक आहे. ते मी कमावलेलं नाही. जन्मतःच खात्यावर जमा झालेलं होतं. ज्यांची आडनावं जोशी, कुलकर्णी अशी सोयीची असतात त्यांना कल्पना यायची नाही, पण मराठी शाळेत हे आडनाव घेऊन दहा वर्षं काढणं सोपं नाही. हजेरी घेताना मास्तरांनी 'ओक' असा पुकारा केला, की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "सर, इथं नको, मोरीत जाऊ दे त्याला!"

एकदा मी रडत घरी आलो, तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कपाटातून इंग्रजी शब्दकोश काढला. "हे बघ. ओक म्हणजे महावृक्ष. याच्या लाकडाची जहाजं बांधून इंग्रजांनी निम्मं जग घेतलं. लाज कसली वाटून घेतोस?" कोकणातल्या आमच्या ओकांचा इंग्लंडातल्या ओकाशी काडीचाही संबंध नाही, हे अण्णांना ठाऊक नसेल असं नाही. पण मध्यमवर्गीय माणसाला वारसा जवळ नसेल तर तो शब्दकोशातून काढावा लागतो. मला मात्र बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी ब्रिटिश आरमारासारखा छाती काढून शाळेत जाऊ लागलो.

अण्णांनी झाडाबद्दल सांगितलं. फळाबद्दल काही सांगितलं नाही. ते मला कळायला चाळिशी उलटावी लागली आणि अमेरिकेला जावं लागलं.

अमेरिकेला मी गेलो तो बँकेच्या कृपेनं नव्हे. आमच्या एलएफसीत अमेरिका बसत नाही. आमच्या हिचा धाकटा भाऊ कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ राहतो. "ताई, एकदा तरी या" असं तो बारा वर्षं म्हणत होता. तेराव्या वर्षी ही 'हो' म्हणाली आणि माझी भविष्य निर्वाह निधीतली शिल्लक विमानात बसली. आम्ही पोचलो ते दसऱ्याच्या सुमाराला. पहिल्याच रात्री छपरावर टक्, टक् असे आवाज येऊ लागले. मी दचकून उठलो, तर मेहुणा म्हणाला, "झोपा भावोजी, ओक पडतोय." हे ऐकून मला काय वाटलं असेल ते वाचकांनी ठरवावं.

सकाळी पाहिलं, तर अंगणात सडा पडलेला. सुपारीहून जरा लांबट, तपकिरी, तुळतुळीत फळं. प्रत्येकाच्या डोक्यावर खवल्याखवल्यांची टोपी. सुपारीनं पुणेरी पगडी घालावी, तसा थाट. इंग्रजीत याला अ‍ॅकॉर्न म्हणतात. माझ्याच नावाच्या झाडाचं फळ पायाशी लोळतंय म्हटल्यावर राहवेना. एक फोडलं, आतला गर तोंडात टाकला आणि चावलो. पुढच्या क्षणी मी आडनावाला जागलो.

कारल्याचा कडूपणा सभ्य असतो. हा तसला नव्हे. जीभ आखडली, गाल आत ओढले गेले, दातांवर कुणी तरी कच्च्या सुपारीचा लेप दिल्यासारखं झालं. भाची खिदळत म्हणाली, "आतोबा, ते खारींसाठी असतं! त्यात टॅनिन असतं, चहात असतं तेच. आमच्या बाईंनी सांगितलंय, पूर्वीचे लोक ते पाण्यानं काढून टाकत आणि मग खात."

पूर्वीचे लोक म्हणजे कोण, हे शोधायला मला वेळच वेळ होता. पाहुण्याला परदेशात काम नसतं आणि मेहुण्याच्या गावात सार्वजनिक वाचनालय होतं. आता, मी कॉमर्सचा पदवीधर. आमचा इतिहास १४९४ साली लुका पॅचोलीनं दुहेरी नोंदीची पद्धत छापली तिथं सुरू होतो आणि ताळेबंद जुळला की संपतो. तरी आडनावाचा प्रश्न होता, म्हणून बसलो वाचत.

पहिलेच भेटले ग्रीक. ग्रीसमध्ये आर्केडिया नावाचा डोंगराळ मुलूख आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात स्पार्टावाल्यांना वाटलं, हा आपण घ्यावा. त्यांनी रीतसर डेल्फीच्या देवपीठाला कौल लावला. ही कथा हेरोडोटसनं लिहून ठेवली आहे. कौल आला तो असा, की सबंध आर्केडिया काही मिळायचा नाही, तिथं ओकाची फळं खाणारे पुष्कळ लोक आहेत, ते तुम्हांला अडवतील. पण त्यातलं तेगेआ गाव देते, तिथं खुशाल नाचा आणि दोरी धरून शेतं मोजा. स्पार्टावाले खूश! शत्रूला अडकवायच्या बेड्या बरोबर घेऊनच निघाले. लढाईत सडकून हरले. मग तेगेआच्या लोकांनी त्याच बेड्या त्यांच्या पायांत घातल्या आणि त्यांना दोरी धरून शेतं मोजायच्या कामाला लावलं. कौल अक्षरशः खरा झाला. कर्जाच्या फॉर्मवर 'अटी लागू' असं बारीक अक्षरात का छापतात, ते या स्पार्टावाल्यांना विचारावं. त्या बेड्या पुढं तेगेआच्या देवळात टांगून ठेवल्या होत्या. फळं वेचून खाणाऱ्या माणसाला कमी लेखलं की काय होतं, त्याची ती पावतीच.

दुसरे भेटले डॉन क्विक्झोट. सर्वान्तेसनं १६०५ साली त्यांची कादंबरी छापली. त्यात धनगर या सरदारसाहेबांना जेवायला घालतात आणि शेवटी भाजलेली नव्हे, वाळवलेली ओकफळं पुढं ठेवतात. साहेब मूठभर फळं हातात घेतात आणि जुन्या सुवर्णयुगावर लांबलचक व्याख्यान झोडतात: तेव्हा माझं-तुझं नव्हतं, हात वर केला की झाडावरून अन्न मिळे, वगैरे. धनगर गपचूप चघळत ऐकत राहतात. आमच्या बँकेच्या वर्धापनदिनाचं दृश्य याहून वेगळं नसतं. फरक इतकाच, की आम्हांला बटाटेवडा असतो.

पण या व्याख्यानात एक मोठी चूक आहे आणि ती मला माझ्या जिभेनं दाखवून दिली होती. हात वर केला की अन्न मिळे म्हणे! स्पेनमध्ये त्यातल्या त्यात गोड फळाचे ओक असतात, म्हणून क्विक्झोटचं निभावलं. एरवी जगात ओकाच्या चारशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचं फळ हात वर केल्यानं नुसतं हातात येतं, तोंडात जात नाही. मधे फार मोठं काम असतं. ते काम कुणी, कसं केलं, हे वाचनालयात नाही, योसेमिटीत कळलं.

योसेमिटी हे कड्यांचं आणि धबधब्यांचं खोरं मेहुण्याच्या घरापासून मोटारीनं चारेक तासांवर. सगळे मान वर करून कडे पाहत होते. मी मान खाली घालून फळं पाहत होतो, म्हणून संग्रहालयामागच्या छोट्या वाडीत जाऊन पोचलो. या खोऱ्यात राहणाऱ्या मूळ रहिवाशांची, मीवोक वगैरे लोकांची घरं कशी होती, ते तिथं उभारून दाखवलं आहे. त्यातच खांबांवर उचललेली, झाडाच्या सालीनं शाकारलेली एक उंच, गोल कणगी होती. धान्याची नव्हे, ओकफळांची. तिचं नाव चुका. 'चुकभूल द्यावी घ्यावी'तला नव्हे. त्यांच्या भाषेत कणगीला चुका म्हणतात. आत पाइनची पानं आणि उग्र वासाचा पाला अंथरायचा, म्हणजे उंदीर-कीड येत नाही.

मी बँकेतला माणूस. मला ती कणगी पाहताक्षणी ओळखू आली. ती मुदत ठेव होती.

कारण ओकाचं झाड दरवर्षी सारखं फळत नाही. एखाद्या वर्षी मुसळधार, पुढं दोन वर्षं कोरडं. म्हणजे बोनसचा भरवसा नाही; मिळेल तेव्हा बाजूला टाकायचं. कॅलिफोर्नियाच्या बहुतेक जमातींचं हे मुख्य अन्न होतं, आमच्याकडे तांदूळ-ज्वारी तसं. शरद ऋतूत फळं वेचायची. आधी पडतात ती बहुधा किडकी, ती सोडायची. वेचलेली महिनोन्‌महिने वाळवायची. मग फोडायची, आतलं पातळ साल पाखडून काढायचं, दगडावर कुटून पिठी करायची. नदीकाठी वाळूचा खोलगट वाफा करून त्यात पिठी पसरायची आणि वरून पाणी सोडायचं. पुन्हा सोडायचं, पुन्हा सोडायचं. कडूपणा पाण्याबरोबर वाळूत उतरतो. मग शिजवायचं. भांडं नाही, म्हणून पाणी गळणार नाही इतकी घट्ट विणलेली टोपली. टोपली विस्तवावर ठेवता येत नाही, म्हणून निखाऱ्यात तापवलेले दगड तिच्यात सोडायचे आणि टोपली जळू नये म्हणून ते सारखे हलवत राहायचे. खदखदून आंबील तयार होते. ही कृती वाचून आमची ही म्हणाली, "आणि तुम्हांला कुकरची तिसरी शिटी मोजता येत नाही."

कृती आज कळते ती ज्युलिया पार्कर यांच्यासारख्या बायकांमुळं. त्या १९२८ साली जन्मल्या. लहानपणीच आई-वडील गेले आणि त्या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी काढलेल्या सरकारी वसतिगृहाच्या शाळेत वाढल्या. या शाळांचं एक कामच असं होतं, की मुलांना त्यांचं मूळ विसरायला लावावं. पुढं लग्न होऊन ज्युलियाबाई योसेमिटीत आल्या आणि टोपल्या विणणं, ओकफळं रांधणं हे सगळं आजेसासूकडून, ल्यूसी टेलेस यांच्याकडून शिकल्या. १९६० पासून त्या संग्रहालयात हे लोकांना करून दाखवू लागल्या. १९९१ साली त्यांच्या कृतीवर सबंध पुस्तक निघालं. १९८३ साली इंग्लंडच्या राणीसाहेब योसेमिटीत आल्या, तेव्हा बाईंनी विणलेली टोपली त्यांना भेट दिली गेली. आजेसासूनं शिकवलेलं थेट राजवाड्यात पोचलं!

ते वाचत असता हिनं मधेच विचारलं, "अहो, आजी त्या दिवशी काय सांगत होत्या हो?"

'त्या दिवशी' म्हणजे आमच्या बघण्याच्या कार्यक्रमाच्या दिवशी. हिच्या माहेरच्यांनी सुरणाची भाजी वाढली होती. आजी कौतुकानं म्हणाली, "कंद छान शिजलाय हो. आमच्या वेळी एका वर्षी भात गेला, तेव्हा रानातले कडू कंद आणून आम्ही…" एवढ्यात अण्णांना मोठा खोकला आला. "आई, तू पाणी घे." पाणी खरं तर त्यांनाच हवं होतं. विषय बदलला तो बदललाच. पुढं आजी गेली आणि ते कंदांचं राहूनच गेलं. मी हिला म्हटलं, "काही नाही, काही तरी जुनं होतं."

संग्रहालयातून बाहेर पडलो तर एका जुनाट खोडाला हजारो भोकं आणि प्रत्येक भोकात एकेक ओकफळ ठोकून बसवलेलं. एक जातीचा सुतारपक्षी हे करतो. अशा एका झाडात पन्नास हजारांपर्यंत भोकं असू शकतात. फळ वाळून सैल झालं, की पक्षी ते काढून लहान भोकात हलवतो. सगळं एकत्र कुटुंब मिळून पहारा करतं. हे लॉकर डिपार्टमेंट मी दहा मिनिटं टोपी काढून पाहिलं. खारी आणि नीलपक्षी मात्र जागोजागी एकेक फळ पुरतात आणि त्यांतली पुष्कळ विसरतात. आमच्याकडे दहा वर्षं कुणी विचारपूस केली नाही अशी ठेव २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. खारीनं विसरलेल्या ठेवीचा ओक होतो. कुठली व्यवस्था चांगली, ते मी नोकरीत असेपर्यंत सांगणार नाही.

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. पुढचं मजेत सांगता येत नाही.

१८४८ साली कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि माणसांचा लोंढा आला. आलेल्यांनी ओक तोडले, ओकांखाली डुकरं सोडली. इथले लोक वेळोवेळी मोजकं रान पेटवून ओकांखालची जमीन साफ ठेवत, त्यानं फळातली कीडही मरे. १८५० च्या कायद्यानं गवताळ रान पेटवणं गुन्हा ठरवलं. त्याच कायद्यानं या माणसांना वेठीला धरण्याची सोय केली आणि त्या कायद्याचं नाव होतं, त्यांच्या 'संरक्षणाचा' कायदा. मार्च १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन नावाची स्वयंसैनिकांची पलटण योसेमिटीच्या खोऱ्यात शिरली. माणसं बहुतेक निघून गेली होती. मग पलटणीनं त्यांची घरं जाळली आणि ओकफळांचे साठे पेटवून दिले. उपाशी मेले म्हणजे शरण येतील, हा हिशेब.

मी त्या कणगीपाशी परत गेलो आणि बराच वेळ उभा राहिलो. आमच्या शाखेत संध्याकाळी पाच रुपयांचा फरक लागला तर आठ वाजेपर्यंत कुणी घरी जात नाही. इथं सबंध खोऱ्याची बँक एका दुपारी जाळली होती. आणि जाळणाऱ्यांना ते काय जाळताहेत हे चांगलं ठाऊक होतं. एरवी याच लोकांना 'मुळं खणून खाणारे' म्हणून हिणवत. पण साठा पेटवायची वेळ आली तेव्हा, हे जनावराचं खाणं आहे, राहू दे, असं कुणी म्हणालं नाही. १८४६ साली कॅलिफोर्नियात मूळ रहिवासी दीड लाखाच्या आसपास होते. १८७० पर्यंत तीस हजारांच्या आसपास उरले. २०१९ साली राज्याच्या गव्हर्नरांनी जाहीर माफी मागितली. मुद्दल गेलं त्यालाच दीडशेहून अधिक वर्षं झाली होती. व्याजाचा उल्लेख नव्हता.

परतीच्या वाटेवर कुणी फारसं बोललं नाही. घरी आल्यावर मी जाहीर केलं, "मी ओकफळं रांधणार."

अंगणातली दोन किलो वेचली. बादलीत टाकून तरंगली ती फेकली. तरंगतं ते किडकं. मेहुण्यानं पुण्याहून नेलेल्या खलबत्त्यात फोडली, मिक्सरमध्ये पाणी घालून वाटली आणि धुवट कापडात घालून पातेल्यात बुडवून ठेवली. तासाभरात पाणी चहासारखं लाल. सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं आणि चिमूटभर चाखून शिल्लक कडूपणा वहीत नोंदवायचा. पहिला दिवस: असह्य. दुसरा: सासुरवाशिणीला सोसवेल इतका. तिसरा: कारलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी लिहिलं, 'निरंक'. मेहुणा मधून मधून येऊन म्हणे, "भावोजी, इथं पाण्याचं बिल फार येतं हो."

नुसत्या पिठाचं थालीपीठ थापलं तर त्याचा भूकंप झाला. या पिठाला चिकटपणा नाही. मग हिनं ज्वारीचं पीठ, कांदा, तीळ घातले. तव्यावरून उतरलेला पहिला तुकडा मी घाबरत घाबरत तोंडात टाकला. किंचित गोडसर, खमंग, भाजलेल्या आठळीची आठवण करून देणारा. भाचीनं तीन खाल्ली. वहिनीनं मात्र पाचव्या दिवशी कोरियन दुकानातून एक तपकिरी, थरथरती वडी आणून पुढं ठेवली. "हे तुमचंच फळ. दोतोरी-मुक म्हणतात." कोरियात ही ओकाच्या सत्त्वाची वडी एके काळी गरिबांचं, युद्धात उपाशी राहिलेल्यांचं खाणं होती. आता तिला आरोग्याचं खाणं म्हणतात आणि पैसे मोजून घेतात. स्पेनमध्ये तर ओकफळं डुकरांना चारतात आणि ते डुकराचं मांस श्रीमंत लोक सोन्याच्या भावानं खातात. अन्न तेच, खाणारा बदलला की त्याची पत बदलते.

रात्री भारतातून अण्णांचा फोन आला. "काय विशेष?" म्हणाले. मी सगळं सांगितलं. महावृक्षाचं फळ चाखलं म्हटल्यावर खूश झाले. कडू असतं म्हटल्यावर जरा हिरमुसले. चार दिवस पाणी बदललं म्हटल्यावर मात्र पलीकडं एकदम शांत झालं. फोन तुटला असं वाटलं.

"चार दिवस कशाला रे?" अण्णा हळूच म्हणाले. "चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या आणि टोपलीत भरून रात्रभर पऱ्ह्यात ठेवायच्या. वाहत्या पाण्यात. सकाळी कडू राहत नाही."

"कशाच्या चकत्या, अण्णा?"

"कडू कंदाच्या. भात गेला त्या साली. कातकरणीनं आईला दाखवलं होतं. टोपलीवर दगड ठेवायला मी जायचो, सात-आठ वर्षांचा असेन. पाण्यानं वाहून जाईल म्हणून रात्री झोप यायची नाही मला." थोडं थांबून म्हणाले, "चांगले लागायचे. मीठ लावून."

मला काय बोलावं सुचेना. शब्दकोश उघडून इंग्रजांचं आरमार दाखवणारे अण्णा मला आठवत होते. टोपलीवर दगड ठेवून रात्रभर जागणारा मुलगा मला कुणी कधी दाखवलाच नव्हता. ज्युलियाबाईंना आजेसासू भेटली आणि त्यांनी विचारून घेतलं. माझी सख्खी आजी पंचवीस वर्षं माझ्या घरात होती आणि मी तिला पाणी घे म्हणणाऱ्यांच्या बाजूला बसून सुरणाची भाजी खाल्ली.

"अण्णा, मी आलो की आपण गावी जाऊ," मी म्हटलं. "तो पऱ्ह्या मला दाखवा."

"पावसाळ्यानंतर जाऊ. आता पाणी असेल त्याला." मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पण हे तुझ्या बँकेत कुणाला सांगत बसू नकोस."

बँकेत मी कुणाला सांगितलेलं नाही. म्हणून इथं लिहितो आहे.